ऑक्सिटोसिनला मराठीत काय म्हणावं?

परळच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतल्या ऑक्सिटोसिनवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: दादरच्या शाळेत मुलांशी मराठीतून बोलायचंय, तर ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं संप्रेरक' म्हटलेलं चालेल का?

नाव ऑक्सिटोसिनच ठेवा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'शीघ्र प्रसूती'. गर्भाशय आकुंचित करण्याचा त्याचा गुण ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांना १९०६ मध्ये आधी दिसला होता. पण 'प्रेमाचं संप्रेरक' नको. त्याहून कितीतरी नेमका शब्द आपल्या गोठ्यात आहे: पान्हा.

दूध वेगळं आणि पान्हा वेगळा, हे मराठीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दूध तयार होतं ते मुख्यतः प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे. तयार झालेलं दूध सडात उतरतं तो पान्हा, आणि ते काम ऑक्सिटोसिनचं. संस्कृत प्रस्नव, प्राकृत पण्हव, मराठी पान्हा. मुळाशी 'स्नु' म्हणजे पाझरणे.

मी जोगेश्वरीला तबेल्याशेजारी वाढलो. आधी पारडू लावायचे, ते कासेला ढुशा द्यायचं, मग म्हैस पान्हवायची. अनोळखी माणूस जवळ आला की आजी म्हणायची, "बघ, चोरला तिने पान्हा." चोरीचा आळ म्हशीवर अन्यायाचा, निरीक्षण मात्र अचूक: जनावर बिचकलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडतं.

आणि क्रियापद बघा, पान्हा 'फुटतो'. पिल्लं चोखत असली तरी उंदराच्या मादीचं दूध सतत वाहत नाही. दर काही मिनिटांनी मेंदूच्या तळाकडच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या ऑक्सिटोसिनच्या चेतापेशी जवळजवळ एकाच वेळी जोरात पेटतात, आणि काही सेकंदांत दूध उतरतं. याला 'फुटणे'पेक्षा चांगलं क्रियापद मला सुचत नाही.

आता 'संप्रेरक' की 'न्यूरोपेप्टाइड'? रेणू तोच, नऊ अमिनो आम्लांचा. मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून रक्तात उतरून दूरच्या अवयवाला कामाला लावतो तेव्हा संप्रेरक म्हणा. मेंदूतच एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेतो तेव्हा न्यूरोपेप्टाइड. मुलांना 'मेंदूतला निरोप्या' सांगितलंत तरी कळेल. हा फरक गाळू नका, कारण रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत फारसं शिरत नाही. १९७९ मध्ये कधीही न व्यालेल्या उंदीर माद्यांच्या थेट मेंदूत ते दिलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणी परक्या पिल्लांना आईसारखं सांभाळू लागल्या. त्यांना आधी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिलेलं होतं, हेही सांगा. मायेला 'पान्हा' म्हणणारी आपली भाषा इथेही जवळ येते. तरी 'प्रेम' हा शब्द फार पसरट आहे. ऑक्सिटोसिन आक्रमकपणातही भाग घेतं, पिल्लांच्या रक्षणासाठी अंगावर धावून जाणाऱ्या आईत तर नक्कीच.

जाता जाता 'पीयूषिका'बद्दल. पिट्युटरी हे नाव लॅटिनमधल्या कफावरून आलंय. मेंदूतला कफ त्या ग्रंथीतून नाकात उतरतो अशी जुनी समजूत होती. मराठी नाव ध्वनीला जवळचं, पण अर्थ केवढा बदलला! अमरकोशात पीयूष म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध, आपला चीक. दादरच्या मुलांना प्यायचं पीयूष माहीत असेलच. त्यांना आधी खरवस कशाचा करतात ते विचारा, आणि तिथूनच सुरुवात करा.