कीर्तनं गाडीत वाजत नाहीत

प्रश्न: सर, दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन परभणीहून तुळजापूरला गाडीनं जायचंय. गावच्या सप्त्यातल्या कीर्तनांचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत. फाइलच्या नावातलं ‘एमपी४’ खोडून ‘एमपी३’ केलं, पेनड्राइव्हवर टाकलं, पण एकही वाजेना. – एक वाचक, परभणी

उत्तर: ताई, नाव बदललं तरी फाइल आतून व्हिडिओच राहते. आधी जुनं नाव परत द्या. मग लॅपटॉपवर व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, ‘मीडिया’मधून ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ घ्या, फाइल जोडा आणि प्रोफाइलमध्ये ‘ऑडिओ – एमपी३’ निवडा. मूळ व्हिडिओ मात्र पुसू नका. सप्त्यातला तो आवाज पुन्हा मिळायचा नाही.

बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला आवाजाची किती माहिती साठवायची तो आकडा, 128 केबीपीएस ठेवा. नुसतं प्रवचन असतं तर 64 सुद्धा चाललं असतं, पण कीर्तनात टाळ-मृदंग आहेत आणि कमी बिटरेटला सगळ्यात आधी टाळांचा आवाज बिघडतो. 128 ला तासाभराचं कीर्तन साधारण 58 एमबी होतं, म्हणजे जागेची काळजीच नाही.

तरीही वाजलं नाही तर पेनड्राइव्ह तपासा. बऱ्याच गाड्यांना ‘फॅट32’ हाच फॉरमॅट, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, वाचता येतो. दुसरा असेल तर पेनड्राइव्ह ‘फॅट32’मध्ये फॉरमॅट करा; पण तसं केल्यावर आतलं सगळं जातं, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा. फाइलींना 01, 02 असे आकडे द्या आणि त्याच क्रमानं एकेक कॉपी करा; काही प्लेअर नाव न बघता कॉपीच्या क्रमानं वाजवतात, मग पूर्वरंगाआधी उत्तररंग लागतो. निघायच्या आदल्या दिवशी दारातच गाडीत लावून बघा.