टीबीसाठी एक्स-रे काढला, तरी बेडका का मागतात?

तुमचे वडील जळगावला जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) कामाला आणि खोकला ३ आठवड्यांचा, म्हणून सगळं कपाशीच्या धुळीवर ढकलू नका, टीबीही असू शकतो. टीबीचे जंतू श्वासातून फुफ्फुसाच्या हवेच्या पिशव्यांत उतरतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण नेहमी मारू शकत नाहीत. मग शरीर भोवती गाठ बांधतं. बहुतेकांत जंतू तिथेच वर्षानुवर्षं निजून राहतात. मधुमेहाने, कुपोषणाने प्रतिकारशक्ती खचली की गाठ आतून पनीरासारखी भुसभुशीत होऊन फुटते, पोकळी पडते आणि जंतू बेडक्यात येतात. एक्स-रेतला डाग दुसऱ्या आजाराचाही असू शकतो. बेडक्यात जंतू सापडला की खात्री. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. जंतूची जनुकं ओळखणाऱ्या सीबीनॅट यंत्रावर साधारण २ तासांत निदान होतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून बेडका द्यायला सांगा, नुसती लाळ नको.