पैसे भरणं सोपं झालं, म्हणजे गिऱ्हाईक खूश झालं का?

तुम्ही विचारलंय की औषधदुकानात क्यूआर, कार्ड, मोबाइल बँकिंग आल्यामुळे ग्राहकांचं समाधान वाढतं, हे प्रकल्पात कसं दाखवावं. काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढल्यामुळे सांगतो, प्रश्न असा ठेवलात तर सगळे 'हो' म्हणतील आणि हाती काही लागणार नाही.

ग्राहक-समाधानाचे अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी 1980 मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं: अनुभव अपेक्षेपेक्षा सरस ठरला तर समाधान, उणा पडला तर नाराजी. पैसे झटकन जाणं आता लोक गृहीतच धरतात. गेले तर कौतुक नाही, अडकले तर मात्र संताप. त्यातून समोरचा माणूस स्वतः आजारी असतो किंवा आजारी माणसाला घरी ठेवून आलेला असतो.

म्हणून अडकलेला व्यवहारच नीट बघा. खात्यातून रक्कम वजा झाली, पण मंजुरीचा निरोप दुकानाच्या मशीनपर्यंत पोचलाच नाही. ग्राहकाच्या हातात बँकेचा मेसेज, दुकानदाराकडे काहीच नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात. ताळमेळ लागला की रक्कम परत येते, पण औषध आत्ता हवं असतं. त्या पाच मिनिटांत दुकानदार पुन्हा पैसे भरायला लावतो की संदर्भ क्रमांक टिपून औषध देतो, हे विचारा. परताव्याचंही तसंच. रोख लगेच हातात पडते, कार्डावर यायला दिवस लागतात.

सर्व्हक्वाल (1988), म्हणजे सेवेचा दर्जा मोजायची प्रश्नावली, वापरणार असाल तर बँकेच्या सेवेचे आणि फार्मासिस्टच्या सेवेचे प्रश्न वेगळे ठेवा. नाहीतर सर्व्हर बंद पडल्याचं खापर काउंटरवरच्या माणसावर फुटतं. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न हा: सुट्ट्या पैशांच्या घोळातून वाचलेला वेळ गेला कुठे? गोळी कधी, कशी घ्यायची हे समजावण्यात, की पुढचं बिल फाडण्यात?

गोपनीयता विसरू नका. कार्ड व्यवस्थेत औषधदुकानांना 5912 हा वर्ग-क्रमांक असतो. त्यामुळे बँकेला दुकान आणि रक्कम कळते, औषधाचं नाव नाही. पण दुकानाच्या ॲपमध्ये मोबाइल नंबर बिलाला जोडला की आजाराचा अंदाज बांधता येतो. लोकांना हा फरक माहीत आहे का, तेही तपासा.

आणि कृपा करून फक्त ऑनलाइन फॉर्म पाठवू नका. रोखीने पैसे देणारे म्हातारे त्यात येणारच नाहीत.