नाकाबंदीवर पोलिसांनी मोबाइल उघडून दाखवायला सांगितला, तर नकार देता येतो का?

तालुक्याच्या बाजारातून परतताना नाकाबंदीवर पोलिसांनी आपल्या मुलाचा मोबाइल घेतला, लॉक उघडायला लावून व्हॉट्सॲप चाळले आणि परत दिला. हे कायद्यात बसते का, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करतो. माझे उत्तर असे की, बसत नाही. वाहनाची कागदपत्रे मागणे वेगळे आणि कोणत्याही गुन्ह्याचा तपास नसताना खाजगी संदेश वाचणे वेगळे. २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हापासून त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार दाखवावा लागतो.

गुन्हा नोंदला असेल तर मात्र पोलिसांचे हात बरेच मोकळे असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार ठाणेदार लेखी आदेशाने मोबाइल हजर करायला सांगू शकतात, कलम १०६ नुसार संशयास्पद वस्तू जप्त करू शकतात आणि कलम १०५ नुसार त्या जप्तीचे चित्रीकरण त्यांना करावेच लागते. पासवर्ड सांगायला भाग पाडता येते का, हा प्रश्न अवघड आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असे संविधानाचे कलम २०(३) सांगते. पण बोटाचा ठसा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असा अकरा न्यायमूर्तींचा निकाल १९६१ पासून आहे.

जप्ती झालीच तर पंचनाम्यावर डोळा ठेवावा. माझ्या एका पक्षकाराच्या पंचनाम्यात नुसते ‘एक काळा मोबाइल’ एवढेच लिहिले होते. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे जप्त वस्तू हमीवर परत घेण्याच्या लेखी करारावर, तो सोडवायला गेलो, तेव्हा मुद्देमालात चार काळे मोबाइल निघाले, आणि आमचा ओळखू आला तो कव्हरवरच्या गजानन महाराजांच्या चिकटचित्रामुळे. म्हणून स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे त्या मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पंचांसमोर लिहून घ्यावा, आणि संदेश पुसण्याचा मोह टाळावा, कारण पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वेगळा लागतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत अडचण अशी की, लॉक त्याने स्वतः उघडले, त्यामुळे पोलीस त्याला संमती म्हणतील. तरीही तारीख, वेळ आणि नाक्याचे ठिकाण लिहून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्यावी.