मशीन नंतर घे, आधी हे वाच

अरे, मेसेज वाचला तुझा. घरचं ऑफसेट छपाईचं मशीन विकून थ्रीडी प्रिंटर (थरावर थर लावून वस्तू काढणारे) घ्यायचेत, बाबा ऐकत नाहीत, तर मी त्यांना समजवायचं. नाही समजवणार, त्यांचं निम्मं म्हणणं मला पटलंय.

नवं मशीन आलं की समाज बदलतोच असं लिहिलंयस. गोव्यात छापखाना 1556 मध्येच आला (निघाला होता अबिसिनियाला, राहिला इथेच). 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं, मराठीत, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, कुठे होती? छापील मराठी घराघरात जायला त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं लागली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर (दगडावरून छपाई) सुरुवात केली, शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला शिवेनात तर तूप घालून शाई केली, म्हणजे गिऱ्हाईक कुठे अडतंय ते आधी ओळखलं. आणि जावजी दादाजी? 1864 ला टाइप फाउंड्री, 1869 ला निर्णयसागर छापखाना. क्रम बघ जरा, आधी खिळे मग छापखाना. राणोजी आरूंनी कोरलेली ती अक्षरं नसती तर निर्णयसागरचं एवढं नाव झालंच नसतं.

थ्रीडीतही तेच. अमेरिकेत चक हल यांनी थ्रीडी प्रिंटिंगच्या पेटंटचा अर्ज केला 1984 ला, पण तुझ्यामाझ्या खिशाला परवडणारं मशीन यायला प्लास्टिकची तार वितळवून थर लावायच्या पद्धतीचं पेटंट 2009 मध्ये संपावं लागलं, आणि त्याआधीच बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी रेपरॅप नावाच्या थ्रीडी प्रिंटरची डिझाइन्स फुकट वाटून ठेवली होती म्हणून पुढची गाडी पळाली.

बेंगळुरूत 2023 ला प्रिंट केलेलं पोस्ट ऑफिस उभं राहिलं, फोटो सगळीकडे फिरले. मला विचारशील तर कानाच्या मशीनचं कवच त्याहून मोठी गोष्ट आहे. आता बहुतेक कवचं प्रिंटच होतात, कुणाला पत्ताही नाही. प्रत्येक कान वेगळा ना! एकसारखे हजार तुकडे हवे असतील तर साचाच स्वस्त पडतो, तिथे प्रिंटर घेऊन उभा राहिलास की मेलास. एकच तुकडा हवाय आणि बाजारात मिळत नाही, धंदा तिथे आहे.

म्हणून ते कीचेन आणि गणपतीचे मुखवटे सोड, दहा जण करतायत. बंद पडलेल्या कंपनीच्या मिक्सरचा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा), जुन्या फवारणी पंपाची नॉब, असलं बघ. पण पीएलए ह्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये काढून देऊ नकोस हां, साठेक डिग्रीला नरम पडतं ते, मोटरजवळ बसवलंस की आठवड्यात गिऱ्हाईक भांडायला दारात. आणि हूक उभा प्रिंट केलास तर थराथरातून तुटणार, आडवा झोपवून काढ. हे मशीनच्या डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि पैसे लोक ह्याचेच देतात.

डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं, आल्यावर जुळाऱ्यांचं (हाताने खिळे जुळवणाऱ्यांचं) काय झालं ते बाबांना विचार, त्यांनी बघितलंय. ज्यांचा हात फक्त खिळे उचलण्यात चालायचा ते घरी बसले, शुद्धलेखन पक्कं असलेले प्रूफला लागले. तुझं डिझाइन म्हणजे नेटवरून फाइल उतरवणं एवढंच असेल तर तुझाही नंबर लागेल, तेव्हा फ्रीकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शीक, फुकट आहे.

ऑफसेट राहू दे, लग्नसराई आणि इलेक्शनचा खर्च तीच काढते. सध्या फक्त एक डिजिटल व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घे आणि गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे महिनाभर संध्याकाळी जाऊन बस, कुठला पार्ट मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक परत जातं ते मापासकट लिहून ठेव. यादी पाठव मला, त्यातले कुठले प्रिंटरवर निघतील आणि कुठल्यांना लेथच लागेल ते सांगतो.