बर्फाच्या आधी पाखरांना कळतं का?

प्रश्न : डोंगरावरच्या केबिनमध्ये आम्ही हिवाळ्यात आठवडाभर राहिलो. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी खिडकीबाहेर ठेवलेल्या दाण्यांवर पाखरांची नुसती झुंबड उडाली. त्यांना आधी कळतं का? आणि पाखरं लवकर खाली उतरली की थंडी कडक पडते, हे खरं का?

उत्तर : पहिल्याचं उत्तर हो, पण काही तास आधीच. दुसऱ्याचं सरळ नाही.

वादळ येण्याआधी हवेचा दाब उतरतो आणि निदान काही पाखरांना तो जाणवतो. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या चिमणीच्या जातीवर प्रयोग झाला आहे. बंदिस्त जागेत दाब मुद्दाम उतरवला, तेव्हा दिवे लागल्यावर त्या नेहमीपेक्षा लवकर खाण्याकडे वळल्या. अख्खा हिवाळा कसा जाईल, हे मात्र कुठल्याच पाखराला ठाऊक नसतं. उंचावरचे दाणे-किडे बर्फाखाली गेले किंवा बिया कमी धरल्या की ती खाली येतात. म्हणजे झालेल्या गोष्टीमुळे येतात, होणाऱ्या नव्हे.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या हिवाळ्यात माझ्या वहीत ‘गर्दी, मग बर्फ’ अशा अकरा नोंदी होत्या आणि मी भलतीच खूश होते. पुढे लक्षात आलं, की बर्फ पडल्यावरच मला आदल्या दिवसाची गर्दी आठवायची आणि मी ती लिहायची. गर्दी होऊन आकाश निरभ्र राहिलं, ते दिवस वहीत नव्हतेच! दुसऱ्या वर्षापासून रोज सकाळी दहाला आणि दुपारी तीनला, घड्याळ लावून दहा मिनिटं मोजणी सुरू केली. तेव्हा कळलं, की तीनची गर्दी जवळजवळ रोजचीच असते. पुढे चौदा-पंधरा तासांची रात्र काढायची, तर पोट भरून घ्यायलाच हवं. सकाळी दहाला झुंबड असेल आणि दाबही उतरत असेल, तर मात्र मी सरपण आत आणून ठेवते.

दाबमापकाचा आकडा बघून दचकू नका. समुद्रसपाटीवर सरासरी दाब १०१३ मिलिबार, दोन हजार मीटरवर तो ७९५च्या आसपास असतोच. आकड्यापेक्षा उतार बघायचा. तीन तासांत तीन-चार मिलिबार गेले, तर लांबचा फेरफटका रद्द.

प्रश्न : पहाटे केबिनबाहेर उणे ३ अंश होते आणि खाली दरीत उणे ९. उंचावर थंडी जास्त असते ना? थर्मामीटर बिघडला असेल का?

उत्तर : आधी तो कुठे टांगलाय ते सांगा. मी माझा एकदा धुराड्याजवळच्या भिंतीला ठोकला होता. सगळा जानेवारी मी केबिनचाच ताप मोजत बसले. भिंतीपासून दूर, सावलीत, जमिनीपासून दीडेक मीटर उंचीवर आणि साचलेल्या बर्फाच्या वर टांगा.

तरीही आकडे तेच आले, तर ते बरोबर आहेत. सरासरीने दर किलोमीटर उंचीला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हा हिशेब उलटतो. जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत दरीत साचते. सकाळी दरीत धुक्याचं तळं आणि तुम्ही उन्हात, हे त्याचंच दृश्य.

तुमच्यासारखीच शंका इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट या निसर्गनिरीक्षकाला डिसेंबर १७८४मध्ये आली होती. त्याच्या सेलबर्न गावापेक्षा दोनशेहून अधिक फूट उंचावरच्या न्यूटन या शेजारच्या गावात थंडी कमी भरली. त्याला वाटलं, यंत्रातच खोट आहे. दोन्ही थर्मामीटर शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर अगदी जुळले! एका रात्री हा फरक १८ अंश फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअस होता. तुम्हीही आधी तेच करून बघा.

प्रश्न : एवढीशी पाखरं रात्री गोठत कशी नाहीत? त्यांचे पाय तर उघडेच असतात.

उत्तर : पायांत मांस फारसं नसतं, बहुतेक कंडराच, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. शिवाय खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त शेजारच्या नळ्यांतून वाहतं, त्यामुळे उष्णता वाटेतच परत मिळते. अंगावर पिसं फुलवून हवा कोंडली जाते, म्हणून थंडीतली पाखरं गोलमटोल दिसतात, लठ्ठ झालेली नसतात. दहा-बारा ग्रॅमची चिकडी, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं एक चिमुकलं पाखरू, तर रात्री शरीराचं तापमानच दहाएक अंशांनी उतरवते. चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवावा, तसं. टार्मिगन हा बर्फाळ प्रदेशातला पक्षी सरळ बर्फात बीळ करून झोपतो.

आणि सगळ्यांत नवल डिपरचं. काठाला बर्फ धरलेला असताना हा पक्षी वाहत्या ओढ्यात बुडी मारून किडे खातो आणि दगडावर येऊन ऐन हिवाळ्यात गातो. ओढा जवळ असेल, तर दाण्यांचं ताट सोडून तिकडे जा.

प्रश्न : पाव टाकला तर चालेल?

उत्तर : नको. पोट भरतं, ताकद मिळत नाही. सूर्यफुलाच्या बिया ठेवा, बिनमिठाचे शेंगदाणे ठेवा आणि ताट धूत जा, कारण घाणेरड्या ताटावरून रोग पसरतात. ताट काचेपासून एक तर मीटरभराच्या आत हवं, नाही तर दहा मीटर लांब. माझं चार मीटरवर होतं. तिथून दचकून उडालेलं एक पाखरू पुरत्या वेगाने काचेवर आदळलं, ते उठलं नाही. त्याच दुपारी मी ताट खिडकीला चिकटवून ठेवलं. आता दहाची मोजणी तिथेच, काचेच्या अलीकडे खुर्ची टाकून होते.