वाचकांचे प्रश्न : प्रत्येक दुकानाला स्वतःचे पार्किंग हवेच का?

बेळगाव आणि परिसरातून पार्किंगविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. व्यवसायासाठी इमारत बांधणाऱ्याने किती वाहनांची सोय स्वतःच्या जागेत केलीच पाहिजे, हा या पत्रांमागचा मूळ वाद आहे. पहिल्या पत्रातील जागेचे मोजमाप हाताशी असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : खडेबाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. लाकडी माळ्याची जुनी इमारत पाडून खाली दुकान आणि वर तीन मजले बांधण्याचा विचार आहे. जागा रस्त्याच्या बाजूने १२ फूट रुंद आणि ८० फूट खोल आहे. नकाशा काढणाऱ्या अभियंत्यांनी पार्किंग दाखवावे लागेल असे सांगितले. यावरून गल्लीत दोन तट पडले आहेत. ज्याला धंदा करायचा आहे त्याने गिऱ्हाइकाच्या गाडीची सोय करावी, नाहीतर त्याच्या व्यापार परवान्याचे नूतनीकरण करू नये, असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
– एक व्यापारी, खडेबाजार, बेळगाव

उत्तर : प्रथम कायद्याची बाजू पाहू. व्यापार परवाना आणि बांधकाम परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्किंगची अट मुख्यतः बांधकाम परवान्याशी जोडलेली असते आणि ती सर्वसाधारणपणे नवे बांधकाम, वाढीव बांधकाम किंवा वापरातील बदल यांच्या वेळी लागू होते. ती कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ खाली तयार झालेल्या शहराच्या बृहत् आराखड्यातून आणि त्यासोबतच्या विभाग नियमावलीतून येते. कोल्हापूर किंवा चंदगडच्या नातेवाइकांनी सांगितलेले आकडे येथे उपयोगाचे नाहीत, कारण ते महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतील असतात. आपल्याकडे आराखडा ‘बुडा’चा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, आणि परवाना महानगरपालिकेचा, हे लक्षात ठेवून नियमावलीचे चालू कलम अभियंत्यांकडून लेखी मागून घ्यावे.

आता आपल्या जागेचा हिशेब मांडून पाहू. व्यापारी वापराच्या दर ५० चौरस मीटरला एक मोटार, असे प्रमाण अनेक शहरांच्या नियमांत आढळते. उदाहरणापुरते तेच धरू. आपली जागा ९६० चौरस फूट, म्हणजे सुमारे ८९ चौरस मीटर आहे. प्रत्येक मजल्यावर ८० चौरस मीटर बांधकाम धरले तर चार मजल्यांचे ३२० चौरस मीटर होतात आणि त्यांना सहा मोटारींची जागा लागते. मोटार उभी राहते तेवढी जागा अडीच मीटर बाय पाच मीटरच असली, तरी वळण्याची आणि ये-जा करण्याची वाट धरून नियोजनात एका मोटारीला उघड्यावर २३, खांबांवरील मजल्याखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरण्याची पद्धत आहे. म्हणजे सहा मोटारींसाठी तळमजल्यावर १६८ चौरस मीटर हवेत, आणि आपली संपूर्ण जागा त्याच्या जेमतेम निम्मी आहे.

तळघर काढू असे म्हणावे, तर त्यात उतरण्याचा उतार आठास एक या प्रमाणापेक्षा उभा ठेवता येत नाही. तीन मीटर खाली जायचे तर २४ मीटर लांबीचा उतार लागतो. ८० फूट म्हणजे २४ मीटरच्या किंचित वर. आपल्या दुकानाच्या उंबरठ्यापासून सुरू झालेला उतार मागच्या भिंतीला टेकेल तेव्हा कोठे तळ लागेल, आणि तोपर्यंत एकही मोटार उभी राहिलेली नसेल. रुंदीचेही तेच आहे : १२ फूट, म्हणजे सुमारे साडेतीन मीटरच्या वाटेत एक मोटार उतरत असताना दुसरी वर येऊ शकत नाही.

ही केवळ आपली अडचण नाही. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, शहापूरची जुनी पेठ या भागांत अनेक जागा अशाच अरुंद आणि खोल आहेत, कारण दर्शनी भाग दुकानाला आणि मागचा भाग राहण्याला किंवा कोठीला अशा रीतीने त्या वसल्या. अशा पेठेत प्रत्येक दुकानाला स्वतंत्र पार्किंगची सक्ती केली, तर तिचे पालन करण्याचे दोनच मार्ग उरतात. चार-पाच शेजाऱ्यांनी आपल्या जागा एकाच मोठ्या बांधकाम व्यावसायिकाला विकणे हा एक. आणि तळमजल्यावरचे दुकान काढून तेथे खांब उभे करणे हा दुसरा. दोन्ही मार्गांनी पेठ मोडते. चंदगडहून किंवा खानापूरहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब एका दुकानातून दुसऱ्यात, तेथून सराफाकडे आणि मग भांड्यांच्या दुकानात पायी जाते. लागून लागून असलेली ही दुकानेच या बाजाराचे बळ आहेत. त्यांच्या मधोमध पार्किंगची तोंडे उघडली, तर गिऱ्हाईक महामार्गालगतच्या मोठ्या दालनात का जाणार नाही?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : जुन्या पेठेतील लहान जागांवर किमान पार्किंगची सक्ती असू नये. तिच्याऐवजी जागेच्या प्रमाणात एकरकमी शुल्क घ्यावे, ते वेगळ्या खात्यात ठेवावे आणि त्यातून बापट गल्लीच्या वाहनतळासारखे सामाईक तळ पेठेच्या कडेला उभे करावेत. आपल्या संघटनेने सवलत मागताना हा पर्याय सोबत मांडावा. केवळ ‘आम्हाला सूट द्या’ असे म्हटल्यास विरोधी तटाचे समाधान होणार नाही.

तथापि त्या तटाचे गाऱ्हाणे खोटे नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे. सकाळी दहाच्या सुमारास दुकान उघडताना मालकाची आणि कामगारांची दुचाकी दारातच उभी राहते आणि रात्री आठला कुलूप लावल्यावरच हलते. अर्ध्या तासाची खरेदी धरली, तर त्या एका जागेवर दिवसभरात वीस गिऱ्हाइकांच्या गाड्या लागल्या असत्या. गिऱ्हाइकाला जागा नाही अशी तक्रार करणाऱ्या गल्लीने आधी आपली वाहने सामाईक तळावर न्यावीत आणि माल उतरवणाऱ्या टेम्पोंसाठी सकाळची वेळ आपसांत ठरवून घ्यावी. यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नये. नकाशावर पार्किंग दाखवायचे आणि बांधून झाल्यावर तेथे गाळा काढायचा, हा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्याचे परिणाम पुढील पत्रात दिसतात.

प्रश्न : टिळकवाडीत आमच्या घराशेजारी व्यापारी संकुल आहे. त्याच्या तळघरात पार्किंग मंजूर असल्याचे ऐकतो, पण प्रत्यक्षात तेथे गोदाम आणि दोन गाळे आहेत. गिऱ्हाइकांच्या गाड्या आमच्या फाटकासमोर लागतात. वडिलांना रुग्णालयात नेण्यासाठी रिक्षा आली, तीही दारापर्यंत येऊ शकली नाही. तोंडी तक्रारींचा उपयोग होत नाही.
– एक गृहिणी, टिळकवाडी

उत्तर : आपला त्रास मी समजू शकतो, आणि या बाबतीत मी कोणत्याही सवलतीच्या बाजूने नाही. पहिल्या पत्रातील व्यापाऱ्याला नियम पाळणे जागेमुळे अशक्य आहे. आपल्या शेजारच्या संकुलाने मात्र पार्किंग देतो असे लिहून देऊन त्याच्या आधारावर वरचे मजले मंजूर करून घेतले असणार, आणि नंतर ती जागा भाड्याने दिली. हा शेजाऱ्यांच्या वाट्याचा रस्ता विकण्याचा प्रकार आहे.

‘ऐकतो’ या शब्दावर तक्रार उभी राहत नाही, म्हणून प्रथम कागद मिळवावा. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली महानगरपालिकेच्या माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्कासह अर्ज करावा आणि त्या मिळकतीचा मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मागाव्यात. कर्नाटकाच्या नियमांनुसार असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलेला अर्ज परत येण्याची भीती असते, तेव्हा त्यात आपली व्यथा लिहू नये. सिटी सर्व्हे क्रमांक बिनचूक द्यावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि उत्तर न आल्यास त्याच कार्यालयात पहिले अपील करता येते.

नकाशात तळघर पार्किंग म्हणून दिसले, तर नकाशाची प्रत आणि तळघराची छायाचित्रे जोडून आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ च्या कलम ३२१ खाली परवान्याविरुद्ध झालेले बांधकाम बदलण्याची किंवा पाडण्याची नोटीस आयुक्त देऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बेकायदा बांधकामांविषयी सर्व राज्यांना निर्देश देताना, मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम असल्याची खात्री झाल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, असे बजावले आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख अवश्य करावा. कार्यालयीन उत्तर बहुधा कन्नडमध्ये येईल. ते जाणत्या माणसाकडून शब्दशः वाचून घ्यावे, कारण मुदतीचा एक दिवस चुकला तरी अपील अडचणीत येते.

फाटक अडवणाऱ्या गाड्यांसाठी मात्र एवढे थांबण्याचे कारण नाही. ती तक्रार रहदारी पोलिसांकडे वेगळी द्यावी.

प्रश्न : परदेशांत किमान पार्किंगचे नियम रद्द होत आहेत असे वाचनात आले. मग आपल्याकडेच ते कडक करण्याची मागणी का होते? आणि रस्त्यावर गाडी लावण्यासाठी पैसे घेणे योग्य आहे का? रस्ता तर कराच्या पैशांतूनच झालेला असतो.
– एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : हे नियम मुळात अमेरिकेतून आले. ओहायो राज्यातील कोलंबस शहराने १९२३ मध्ये निवासी इमारतींसाठी आणि कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने १९३९ मध्ये रुग्णालये व हॉटेलांसाठी अशी अट घातली. पुढे तेथील शहरांत इमारतींपेक्षा मोकळे वाहनतळच जास्त दिसू लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी अनेक वर्षे हे दाखवून दिले की, सक्तीच्या पार्किंगचा खर्च भाड्यात आणि वस्तूंच्या किमतीत मिसळतो व गाडी नसलेल्या माणसालाही तो भरावा लागतो. लंडनने २००४ मध्ये किमान मर्यादा काढून कमाल मर्यादा आणली, बफेलो शहराने २०१७ मध्ये सर्व शहरासाठी सक्ती उठवली आणि कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या वाहतूक थांब्यांजवळ ती बंद केली. यामुळे पार्किंग बांधण्यास बंदी झालेली नाही. किती बांधायचे हे बांधणाऱ्यावर सोपवले आहे.

आपली स्थिती वेगळी आहे. गर्दी मुख्यतः दुचाकींची आहे, आणि एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी सहज मावतात; तरीही नियमांचा हिशेब मोटारीवर चालतो. हा हिशेब बदलला, तर निपाणीसारख्या गावातही पुष्कळ ओझे उतरेल. जपानने तर १९६२ मध्येच भार दुकानदाराऐवजी गाडीच्या मालकावर टाकला. तेथे बहुतेक शहरी भागांत मोटार घेताना ती रस्त्याबाहेर ठेवण्याची जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. आपल्याकडे मोटार दारात आल्यावर जागेचा शोध सुरू होतो.

शुल्काविषयी आपल्याशी मी सहमत नाही. रस्ता सर्वांच्या कराचा आहे, म्हणूनच त्याचा तुकडा एकाने दिवसभर फुकट अडवून ठेवणे अन्यायाचे आहे. पायी चालणारा आणि बसने येणारा माणूसही कर भरतोच. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगच्या शुल्कातून जमिनीचे खरे मूल्य दिसावे, असे म्हटले आहे. मात्र पुण्यात २०१८ मध्ये शुल्काच्या धोरणाला मोठा विरोध झाला. वसूल झालेला पैसा कोठे जाणार हे लोकांना दिसत नसेल, तर असा विरोध होणारच. शूप यांची सूचना या बाबतीत उपयोगी आहे : प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा नेहमी मोकळ्या राहतील एवढेच शुल्क ठेवावे आणि आलेला पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर, दिव्यांवर आणि स्वच्छतागृहावर खर्च करावा. पहिली पंधरा-वीस मिनिटे निःशुल्क ठेवली, तर औषध घ्यायला थांबलेल्या माणसालाही भुर्दंड पडणार नाही.

प्रश्न : खानापुरात मुख्य रस्त्यालगत घराच्या पुढच्या खोलीत सहा टेबलांची खानावळ सुरू करायची आहे. पार्किंग दाखवावे लागेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : राहत्या खोलीचा वापर व्यापारी होणार असल्याने नगर पंचायतीत वापर बदलाची विचारणा आधी लेखी करावी, अटी त्यावरून ठरतात. जागा कमी असल्यास अंगणात दुचाकींची सोय दाखवून अर्ज करावा. अन्नपदार्थांची नोंदणी आणि व्यापार परवाना यांची कागदपत्रे वेगळी असतात, तेव्हा एक मिळाले म्हणून दुसरे गृहीत धरू नये. टेबले किंवा फलक गटारापलीकडे रस्त्यावर आणू नयेत.